दोन रामा आणि मानमोडीचं साल: एका कोल्हापुरी घराच्या वंशशोधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मंगळवार पेठेतल्या एका घराचं. माणसांची नावं बदलली आहेत, मूळ गावाचं नाव दिलेलं नाही. ते करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठी आहे, एवढं पुरे. मी मोडी वाचून देते, त्या निमित्तानं हे कागद माझ्यापुढे आले.

घरात शोध दोघांना हवा होता, पण दोघांना हवं होतं ते वेगळं. भाच्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. त्याची मुलगी बारावीला होती आणि तिच्या ओबीसी दाखल्यासाठी त्याला घराण्यातली जुनी कुणबी नोंद हवी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा घरांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतले जुने गठ्ठे सोडून तपासले जाऊ लागले. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन गावनिहाय संकेतस्थळांवर चढल्या. त्या दिवसांत कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरसुद्धा "तुमची नोंद सापडली का?" हाच विषय असायचा.

आत्याचं वय ८३. तिला दाखल्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तिच्या आजीचं नाव हवं होतं. ती आठ वर्षांची असताना आजी वारली. घरात सगळे तिला "आबाची आई" म्हणत. तिचं स्वतःचं नाव कुणी कधी उच्चारलंच नाही आणि पुढे विचारायला कुणी उरलं नाही.

घरी कागद होते दोनच. पहिला, आत्याच्या वडिलांचा (म्हणजे आबांचा) महापालिकेकडचा १९८३चा मृत्यू दाखला. त्यावर वडिलांचं नाव नुसतं "रामा". दुसरा, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा: जन्मतारीख १ जून १९१२, जात मराठा, जन्मठिकाण ते भोगावतीकाठचं गाव, पालक म्हणून मामाचं नाव. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याच पिढीतलं हे बिनबापाचं पोर. मामानं हाताला धरून शाळेत घातलेलं.

१ जून ही तारीख पाहिली की जुने कागद चाळणारे तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर अंदाजानं वय धरायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात त्या तारखेला जन्मलेल्यांची गर्दी आहे ती अशी.

अडचण

भाच्याला गावाच्या यादीत एक नोंद सापडली. जुन्या गाव नमुना १४ मधली, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या वहीतली. साल १९११. बापाचं नाव रामा बिन बाळा, जात कुणबी, अपत्य: मुलगा.

गाव तेच, बापाचं नाव तेच, वर्षही शाळेच्या तारखेला चिकटून. भाच्यानं लगेच वंशावळ लिहिली: बाळा, त्याचा रामा, त्याचे आबा. आबांचे आजोबा बाळा होते हे घरात त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं. ते नाव नोंदीतून वंशावळीत आलं आणि मग तीच वंशावळ नोंदीचा पुरावा म्हणून पुढे केली जाऊ लागली. अशी गोल फिरणारी वंशावळ मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. त्यात फसवायचा हेतू नसतो, घाई असते.

कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीची मूळ अडचणच ही. बारसं बाराव्या दिवशी, जन्माची वर्दी (खबर) त्याआधी. त्यामुळे वहीत मुलाचं नाव बहुधा नसतंच. "मुलगा" किंवा "मुलगी" लिहायचं आणि पुढे बापाचं नाव. आईचा पत्ता नाही. आडनावही क्वचित. आपल्याकडं गावात रामा, बाळा, धोंडी, सखा हीच नावं फिरून फिरून येतात, कारण नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत. अशा वहीत नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरता येत नाही.

आत्याला हे सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "आमचा आजा मानमोडीत गेला. आज्जीनं आबाला घेऊन गाव सोडलं, ती भावाकडं आली. एवढं ठाऊक हाय मला."

मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. देशात तिनं सव्वा कोटीच्या वर माणसं नेली. कोल्हापूरच्या खेड्यांत म्हाताऱ्यांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. भाच्यानं तो शंभरदा ऐकला असेल, पण तो साल सांगणारा पुरावा आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय एका एजंटनं सुचवला: १९११ची नोंद घ्यायची, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं, अर्ज टाकायचा. प्रवेशाचे दिवस तोंडावर होते. भाच्याचा कल तिकडं होता आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नोंद सरकारनंच छापली होती, त्यानं ती बनवली नव्हती. पण दाखला मिळाला तरी पुढे जात पडताळणी समिती असते. शंका आली तर दक्षता पथक गावात जाऊन चौकशी करतं. २००१चा जातीच्या दाखल्यांचा कायदा कडक आहे. खोट्या दाखल्यावर घेतलेला प्रवेश रद्द होतो, पदवी काढून घेतली जाते, वर फौजदारी. नोकरीला लागलेल्या मुलीवर दहा वर्षांनी ही वेळ आली तर काय, हा प्रश्न आत्यानंच विचारला.

कुणीतरी म्हणालं, आबांचा जन्मच आता उशिराची नोंद म्हणून नोंदवून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९च्या कलम १३(३) खाली वर्षानंतरच्या नोंदीला आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं आला. हा रस्ता आम्ही लगेच सोडला. आज नोंदवलेला १९१२चा जन्म हा आज सांगितलेल्या माहितीचाच कागद होतो, त्यातून रामाचा बाप कोण हे कळत नाही.

तिसरा पर्याय हेळवी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात पिढ्यानपिढ्या घराण्यांची वंशावळ सांभाळणारा हा समाज. सुगी झाली की येतात, भावकी जमवून पिढ्या वाचून दाखवतात, नवी नावं चोपडीत चढवतात आणि धान्य, पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्याही अशाच कामाच्या, पण त्यासाठी घरातलं कुणीतरी कधीतरी तिथं विधीला गेलेलं असावं लागतं. या घरातलं कुणी गेल्याचं आठवत नव्हतं. हेळव्याच्या चोपडीवर कचेरीत एकट्यानं काम भागत नाही, मात्र कुठल्या नावामागं जायचं हे तिथून कळू शकतं.

चौथा पर्याय वेळखाऊ: जन्म बाजूला ठेवायचा आणि मृत्यूपासून मागं जायचं. मृत्यूच्या नोंदीत मेलेल्याचं नाव असतं, वय असतं, आणि कित्येकदा वर्दी देणारा कोण हेही असतं. जन्माच्या वहीत जे नसतं ते मरणाच्या वहीत मिळतं. आणि इथं मरणाचं साल आत्यानं दिलेलं होतं.

भाच्यानं चौथा आणि तिसरा असे दोन्ही रस्ते धरले, पण एक अट घातली. प्रवेश अर्जाच्या तारखेपर्यंत काही निघालं नाही तर तो एजंटकडं जाणार. अट मला आवडली नव्हती, पण निर्णय त्याच्या घरचा होता.

काय केलं

तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या यादीत १९१८ असं साल लिहिलेली वही नव्हती. भाचा एकदा तेवढ्यावरून परतलाही. वही होती, पण तिच्यावर फसली सन (महसुली वर्ष) होता. संस्थानी कागदांत हे सर्रास दिसतं. आपल्याकडचं फसली साल जूनच्या सुमारास सुरू होतं, त्यात ५९० मिळवले की त्या वेळचं इसवी साल येतं, जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१. म्हणजे १९१८चा पावसाळा संपतानाची साथ फसली १३२८ मध्ये शोधायची. काही कागदांवर शके असतं. शके १८४० म्हणजे गुढीपाडवा १९१८ पासूनचं वर्ष.

वही उघडली आणि साथ कुठं सुरू झाली ते न वाचता कळलं. आधीच्या महिन्यांत पानावर दोन-चार मयत, आणि मग पानंच्या पानं भरलेली. कारणाच्या रकान्यात "ताप", खाली "सदर", "सदर", "सदर". अक्षर घाईचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची रीत नाही, आणि लिहिणाराच थकलेला असेल तर नाव लावणं कठीण जातं. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन (गावचं दप्तर लिहायचा वंशपरंपरेचा हक्क) काढून तलाठी नेमले. जुन्या दप्तरात त्या सुमाराला अक्षरं बदललेली दिसतात, याही वहीत मधेच हात बदलला आहे.

त्या पानांत एक नोंद अशी: रामा बिन धोंडी, मराठा, वय ३०, ताप, वर्दी देणार भाऊ सखा.

बाप धोंडी, बाळा नव्हे. आता प्रश्न उभा राहिला की आपला रामा कुठला. भाच्याचं म्हणणं, आत्याची आठवण चुकू शकते, कदाचित रामा बिन बाळाच खरा आणि तो साथीत मेलाच नसेल. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. म्हणून रामा बिन बाळाचा माग पुढच्या वह्यांत काढला. १९२१ मध्ये त्याला मुलगी झाल्याची नोंद मिळाली, म्हणजे तो साथीतून वाचला होता. मग भाचा गावात गेला. पारावर चौकशी केली तर समोरच्या घरातला एक जण उठून म्हणाला, "रामा बिन बाळा न्हवं? त्यो आमचा आजा. आमी त्याच नोंदीवर अर्ज दिलाय."

प्रकरणाचा खरा निर्णय त्या पारावर झाला. एकाच माणसाला दोन घरांनी आजा म्हणून कचेरीत नेलं असतं, तर दक्षता पथकाला शोधायला फार लांब जावं लागलं नसतं. भाच्यानं एजंटला नको म्हणून कळवलं. तोवर त्याच्या हातात दुसरं काहीच नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं.

पण धोंडीचा रामा तोच आपला, हेही अजून सिद्ध झालं नव्हतं. एक रामा नव्हे म्हणून दुसरा घ्यायचा, हाही अंदाजच. इथं हेळव्याचा उपयोग झाला. त्या आडनावाच्या दुसऱ्या भावकीकडं येणाऱ्या हेळव्याला बोलावलं. त्यानं चोपडी वाचली त्यात धोंडी, धोंडीचे दोघे रामा आणि सखा, सखाला मुलगे नाहीत, आणि रामाच्या पुढे "शहरात गेले". पुढची पानं कोरी.

"सखाला मुलगे नाहीत" हे वाक्य भाच्यानं नुसतं ऐकलं, मी मात्र त्यावर थांबले. मुलगे नसलेला भाऊ वारला तर एकत्र कुटुंबाची जमीन पुतण्याकडं येणार, आणि जमीन आली म्हणजे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, होणार. घरचे सुरुवातीपासून सांगत होते की गावात आमची काही जमीन नाही, म्हणून जमिनीचे कागद कुणी पाहिलेच नव्हते. आज जमीन नाही याचा अर्थ कधीच नव्हती असा होत नाही.

गाव नमुना ६ मध्ये १९४६चा फेरफार निघाला. सखा बिन धोंडी, एकत्र कुटुंब पुढारी, मयत. वारस म्हणून भाऊ मयत रामा याचा मुलगा, पुढे आबांचं नाव, राहणार कोल्हापूर, मंगळवार पेठ. आबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, चुलत्याचं, आज्याचं आणि पेठेचं, पाचही एका ओळीत. १९५०चा पुढचा फेरफार त्याच जमिनीच्या विक्रीचा. आबांनी जमीन विकली हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आत्याचा चेहरा तेव्हा थोडा पडला, पण ती काही बोलली नाही.

यानंतर मागं वळून जन्माची वही पाहिली तेव्हा ती बोलू लागली. रामा बिन धोंडीला १९०९ मध्ये मुलगी, १९१३च्या श्रावणात मुलगा. मुलगा म्हणजे आबा. म्हणजे शाळेच्या तारखेपेक्षा ते वर्षभरानं लहान. १९०९ची मुलगी कोण, ती पुढं काय झाली, याची आठवण कुणाकडंच नाही आणि तिच्या मरणाची नोंदही आम्हाला मिळालेली नाही.

राहिली आजी. ती शहरात वारली, म्हणजे नगरपालिकेच्या वहीत. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ची, महापालिका झाली १९७२ मध्ये. मृत्यूच्या वहीत शोध मागायचा तर साल सांगावं लागतं आणि शोधाची फी वर्षागणिक पडते. आत्याला साल आठवेना. मग तिला साल विचारणं सोडून दिलं आणि त्या वेळी गावात काय चाललं होतं ते विचारलं. गांधीवधानंतरची जाळपोळ तिला आठवत होती, आजी तेव्हा होती. संस्थान विलीन झालं तेव्हा? "त्याच उन्हाळ्यात गेली की." करवीर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्या वर्षाची वही मागितली. मे महिन्यात नोंद होती: तानुबाई भ्रतार रामा (म्हणजे रामाची बायको), वय ६०, मंगळवार पेठ.

आत्यानं तो उतारा वाचून घेतला, मग पुन्हा वाचायला लावला.

निष्पत्ती

कुणबी नोंद मिळाली नाही. रामा बिन धोंडीच्या घरच्या ज्या नोंदी सापडल्या त्यांत सगळीकडं मराठा आहे. सखाच्या मुलींच्या जन्माच्या किंवा खुद्द धोंडीच्या मृत्यूच्या नोंदीत वेगळं काही असू शकलं असतं, कारण त्या काळी कुणबी की मराठा हे लिहिणाऱ्याच्या सवयीवरही ठरे. पण १९०६ ते १९०८च्या वह्या त्या गावच्या गठ्ठ्यात नाहीत. त्या पुढे कधी मिळाल्या तर रस्ता उघडा आहे. मुलीचा प्रवेश २०२४ मध्ये लागू झालेल्या मराठा समाजाच्या एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) प्रवर्गातून झाला. त्या दाखल्याला आबांचा शाळेचा उतारा पुरला, मानमोडीच्या वहीची गरजच पडली नाही.

वंशावळीत काही गाठी तशाच आहेत. हेळव्याच्या चोपडीत रामा थोरला, फेरफारात सखा कुटुंबाचा पुढारी. ती पुढारकी रामाच्या पश्चात आली असणार, पण थोरला कोण हे त्यातून ठरत नाही. वह्यांतली वयं तर बहुतेक पाच-दहाच्या पटीत, अंदाजानं लिहिलेली. तानुबाईचं साठ आणि रामाचं तीस एकत्र धरलं तर ती त्याच्याहून वर्षभरानं लहान ठरते, पण मी हे गणित कुठं लिहून ठेवणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

आत्याशी बोलणं सर्वांत आधी व्हायला हवं होतं. यादीत नोंद सापडल्यावर तिला विचारलं गेलं, तेही "बरोबर आहे ना?" अशा सुरात. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये. प्लेग, मानमोडी, शाहू महाराज वारले ते साल (६ मे १९२२), जाळपोळ, विलीनीकरण, अशा खुणा विचाराव्यात आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत.

जमिनीचे कागद पहिल्याच आठवड्यात पाहिले असते तर हेळव्यापर्यंत जायचं कारणच पडलं नसतं. वारसाचा फेरफार माणसांना एकमेकांशी जोडतो, जन्म-मृत्यूची वही ते क्वचितच करते. तरी हेळवी आला हे बरंच झालं, कारण आता चोपडीतल्या कोऱ्या पानांवर आबांच्या पुढच्या पिढ्या चढल्या.

हे गाव करवीर तालुक्यातलं, म्हणून कचेरी शोधण्यात वेळ गेला नाही. प्रत्येकाचं असं नसतं. आजऱ्याकडचं घर असेल तर जुना मुलूख इचलकरंजी जहागिरीचा. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. कागल, बावडा, विशाळगड या जहागिरी वेगळ्या. आळते हे तेव्हा पेट्याचं (तालुक्यासारख्या विभागाचं) नाव होतं, आज तिथं तालुका हातकणंगले. गाव आज कुठल्या तालुक्यात आहे यापेक्षा त्या साली ते कुणाच्या अमलाखाली होतं हे आधी ठरवलेलं बरं. तालुक्यात काही मिळालं नाही तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचं दप्तर आहे, पण तिथं नुसतं नाव घेऊन जाऊन भागत नाही. वतन, खटला, नेमणूक असा काहीतरी धागा हातात असावा लागतो.

आणि नक्कल घेताना एकट्या नोंदीची घेऊ नये. भाच्यानं १९१८च्या नोंदीचा तेवढाच उतारा घेतला होता. नंतर त्याच पानावर त्याच आडनावाच्या घरातली आणखी एक बाई साथीत गेल्याचं दिसलं. ती धोंडीची बायको असावी असं मला वाटतं, पण बापाच्या रकान्यावर डाग आहे. आता पूर्ण पानाच्या प्रमाणित प्रतीसाठी कोर्ट फी स्टँप लावून नवा अर्ज दिलेला आहे.